यवतमाळला जाताय? विचारत विचारत जा!

सुट्टीत कुठं जायचं याची घरात चर्चा सुरू झाली की महाबळेश्वर, गणपतीपुळे, चिखलदरा अशी नावं पटापट पुढे येतात. "यवतमाळला जाऊ या" असं म्हणणारा मात्र एखादाच. पुण्या-मुंबईच्या मुलांना यवतमाळ ठाऊक असतं ते बातम्यांमधून. पाऊस नाही, कापसाला भाव नाही, शेतकरी अडचणीत, अशाच त्या बातम्या. त्या काही खोट्या नाहीत. पण तुमची ओळख कुणी फक्त तुमच्या आजारपणावरून करून दिली, तर तुम्हाला चालेल का? गावाचंही तसंच असतं.

म्हणून या आठवड्यात आपण यवतमाळला जाऊ. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं काय पाहायचं, काय खायचं आणि कुठं जपून राहायचं, हे तिन्ही समजून घेऊ. या तिन्हींसाठी एकच किल्ली पुरते. ती म्हणजे, तिथल्या माणसाला विचारायचं! कशी ते पुढे कळेलच.

पोचायचं कसं?

यवतमाळ जिल्हा विदर्भात, अमरावती विभागात आहे. जिल्ह्यात १६ तालुके. यवतमाळ शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर वसलं आहे. नागपूरहून रस्त्यानं सुमारे दीडशे किलोमीटर. मुंबईकडून रेल्वेनं येणारे लोक धामणगावला उतरतात आणि तिथून एस.टी. धरतात. वर्धा-यवतमाळ-नांदेड असा नवा रेल्वेमार्ग मंजूर आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ साली सुरू झाला.

यवतमाळच्या बसस्थानकावर उतरलात की कानावर पहिल्यांदा वऱ्हाडी बोली पडेल. "काय करतोस?" असं इथं कुणी विचारत नाही. "काय करून राहिला बे?" असं विचारतात. घाबरू नका, हे रागावणं नाही, ही जवळीक आहे! "कुठी जाऊन राहिले?" असं कुणी विचारलं तर सरळ सांगावं. लगेच रस्ता सांगतील, आणि वर "चहा घेऊन जा ना" असंही म्हणतील.

पण इथंच पहिला नियम शिकून घ्या. रस्ता विचारायचा, कुणासोबत जायचं नाही. विचारायचं तेही आपल्या कामाच्या जागी असलेल्या माणसाला. चौकशीच्या खिडकीतले काका, गणवेशातले कंडक्टर, पोलिस, दुकानात बसलेले दुकानदार ही अशी माणसं. तो माणूस उद्याही तिथंच सापडणार असतो. "चल, मी दाखवतो" म्हणून कुणी निघालं, तर "आई-बाबांना बोलावतो" एवढं मोठ्यानं म्हणायचं. यात उद्धटपणा काही नाही. भला माणूस याचा राग धरत नाही.

खेड्यातून पहिल्यांदाच शहरात येणाऱ्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावं. स्टँडवर बस मागे घेत असते, तेव्हा ड्रायव्हरला लहान मूल दिसत नाही. बसच्या मागून कधीही पळायचं नाही. फलाटावर उभं राहायचं, पाटी वाचायची आणि बस पूर्ण थांबली की मगच चढायचं.

एका आगगाडीची गोष्ट

शहरात पाहण्यासारखं काय? सर्वांत आधी जुन्या रेल्वे स्टेशनची गोष्ट ऐका. इथून एक छोटीशी आगगाडी सुटायची. तिचं लाडकं नाव शकुंतला. तिच्या दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, म्हणजे मोठ्या रेल्वेच्या निम्म्याहून कमी! एका इंग्रजी कंपनीनं हा मार्ग बांधला आणि १९०३ च्या सुमारास गाडी धावू लागली. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत ती मूर्तिजापूरला पोचायची. अंतर सुमारे ११३ किलोमीटर.

एवढ्या आडबाजूला इंग्रजांनी रेल्वे का बांधली? उत्तर शेतात आहे. कापूस! इथला कापूस शकुंतलेनं मूर्तिजापूरला जाई. तिथून मोठ्या रेल्वेनं मुंबईला आणि मग बोटीनं इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरण्यांत. गंमत अशी, की शकुंतलेचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरलाच, १९२१ साली तयार झालं होतं. म्हणजे कापूस तिकडं जायचा आणि त्याच गावचं इंजिन तो ओढायला इकडं आलेलं! १९९४ साली त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. ताशी वीसेक किलोमीटर वेगानं चालणारी ही गाडी आता बंद झाली आहे. तुमच्या मुक्कामाच्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना शकुंतलेविषयी जरूर विचारा. पुस्तकात सापडणार नाही ते त्यांच्याकडून ऐकायला मिळेल.

या शहराला पुस्तकांचीही ओढ आहे बरं का. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं दोनदा भरलं. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, तर २०१९ साली अरुणा ढेरे. शिवाय लोकनायक बापूजी अणे याच जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १८८० साली वणीला झाला. १९३० च्या जुलै महिन्यात पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून त्यांनी इंग्रजांचा जंगल कायदा मोडला. गांधीजींनी मीठ उचललं, इथं समुद्र नाही म्हणून गवत कापलं! महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक हेही पुसदजवळच्या गहुलीचे.

जमिनीखालचा गणपती

यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटरवर कळंब लागतं. इथला चिंतामणी गणपती प्रसिद्ध आहे. एरवी देवळात जायला पायऱ्या चढाव्या लागतात, इथं उतराव्या लागतात. देऊळ जमिनीच्या पातळीपेक्षा बरंच खाली आहे आणि आत पाण्याचं कुंड आहे. काही वर्षांनी, लोक म्हणतात साधारण बारा वर्षांनी, कुंडातलं पाणी वाढतं आणि चिंतामणीच्या पायाशी पोचतं, अशी इथली श्रद्धा आहे. तसं झालं की दर्शनाला रीघ लागते. ओल्या पायऱ्यांवर मात्र धावाधाव नको. लहान भावंडाचा हात सोडायचा नाही आणि कुंडाच्या काठावर वाकून पाहायचं नाही.

आता पोटोबा!

फिरून फिरून भूक लागली ना? सकाळी नाश्त्याला तर्री पोहे. पोह्यांवर लाल तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, त्यावर शेव आणि कांदा. इथं एक इशारा. "तिखट आहे का?" असं विचारलंत तर "नाही बाप्पा, अजिबात नाही!" हेच उत्तर येईल. वऱ्हाडातलं 'अजिबात नाही' पुण्याकडच्या 'फार जास्त'एवढं असतं! म्हणून तर्री वेगळ्या वाटीत मागा आणि चमच्या-चमच्यानं घाला.

दुपारी ज्वारीची भाकर, चून आणि मिरचीचा ठेचा. चून म्हणजे आपलं पिठलं. पाटोडीचा रस्सा आणि वांग्याच्या भाजीबरोबर रोडगे मिळाले तर सोडू नका. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजून केलेले. शेतात पंगत असली की हमखास असतात. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत आलात तर तुमची चंगळ! तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून देतात. त्या शेंगांतल्या हिरव्या दाण्यांना इथं सोले म्हणतात. सोले-वांग्याची भाजी चाखून पाहाच. त्याच दिवसांत सांबारवडीही मिळते.

या 'सांबार' शब्दानं भल्याभल्यांची फजिती होते. इथं सांबार म्हणजे कोथिंबीर! बाजारात "सांबार द्या" म्हणालात तर हिरवीगार जुडी हातात पडेल. इडलीबरोबरचं हवं असेल तर हॉटेलात तसं नीट सांगा.

खाण्याच्या बाबतीत जपायचं काय? एकदम साधं आहे. जिथं गिऱ्हाईकांची गर्दी आहे आणि पदार्थ समोर गरम तळला जातोय, तिथं खावं. कापून उघडी ठेवलेली फळं आणि कसल्या पाण्याचा ते ठाऊक नसलेला बर्फ टाळावा. पाण्याची बाटली घरूनच भरून घ्यावी. हात धुऊन खावं, हे तर आई सांगतेच!

ऊन इथलं वेगळं

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एप्रिल-मे. या दिवसांत यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. मुंबईत घाम येतो तसा इथं जाणवत नाही. हवा इतकी कोरडी, की घाम आला तसा वाळतो. त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालेलं कळतच नाही. म्हणून तहान लागायची वाट पाहू नये.

इथली माणसं काय करतात ते पाहा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर कामं करतात. दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात. बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळतात. घराघरांत कैरीचं पन्हं असतं, जेवणात कांदा असतो, चौकाचौकात पाणपोई असते. ही सगळी शेकडो उन्हाळे सोसून आलेली अक्कल आहे. तुम्हीही तसंच करा. डोकं गरगरलं, मळमळलं, अंग तापलं की लगेच सावलीत बसा आणि मोठ्यांना सांगा. "थोडं चालून होईल बरं" असं करू नका. अंगावर ओलं फडकं फिरवून घोट घोट पाणी द्यावं. मूल बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर पाणी न पाजता तडक दवाखाना गाठावा. उष्माघातानं जीव जाऊ शकतो.

वाघाच्या घरी

यवतमाळहून पांढरकवड्याच्या बाजूला गेलं की टिपेश्वरचं अभयारण्य येतं. क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. सागाचं जंगल, गवताळ माळ आणि त्यात वाघ, अस्वल, चितळ, नीलगाय. जंगलखात्याच्या परवानगीनं, वाटाड्या सोबत घेऊन जीपमधून फिरता येतं. पावसाळ्यात ते बंद असतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

इथल्या एका तरुण वाघानं मोठा पराक्रम केला होता. २०१९ साली त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला होता. म्हणजे तो कुठं आहे ते उपग्रहावरून कळे. हा गडी टिपेश्वरहून निघाला तो शेतं, नद्या, रस्ते ओलांडत, तेलंगणातून फेरी मारून, पाचेक महिन्यांत १,३०० किलोमीटरपेक्षा जास्त चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला! स्वतःच्या हक्काचा इलाका शोधत होता बिचारा. बहुतेक चालणं रात्रीचं, दिवसा झुडपांत विश्रांती.

या गोष्टीतून काय कळतं? वाघाला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. याच जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ च्या दरम्यान वाघाच्या हल्ल्यांत माणसं दगावली. शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये 'अवनी' नावाची वाघीण गोळी लागून मेली. माणसंही गेली, वाघीणही गेली. म्हणून जंगलात जीपमधून उतरायचं नाही, ओरडायचं नाही. जंगलाजवळच्या गावी मुक्काम असेल तर अंधारात एकट्यानं शेताकडे किंवा नाल्याकडे जायचं नाही. एप्रिलच्या सुमारास लोक पहाटे मोहाची फुलं वेचायला जातात. दृश्य सुंदर असतं, पण मोहफुलं अस्वलालाही फार आवडतात! गावकरी "आज तिकडं जाऊ नका" म्हणाले तर कारण विचारत वाद घालू नका. त्यांना काहीतरी दिसलेलं असतं.

आणि साप? गवतात चालताना बूट घाला, रात्री टॉर्च घ्या. कुणाला साप चावलाच, तर मांत्रिकाकडे जायचं नाही. जखम कापायची नाही, दोरीनं आवळायची नाही. चावलेला हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं. सापाच्या विषावरची लस तिथं मिळते. यवतमाळ शहरात मोठं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे.

हजार धारांचा धबधबा

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पैनगंगा नदी आहे. तिच्यावर सहस्रकुंड धबधबा आहे. एका काठावर यवतमाळचा उमरखेड तालुका, दुसऱ्या काठावर नांदेड जिल्हा! कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या कातळावरून नदी अनेक धारांनी कोसळते, म्हणून नाव सहस्रकुंड. यवतमाळ शहरापासून हे ठिकाण लांब आहे, पूर्ण दिवस हाताशी ठेवा. पावसाळ्यात तिथं उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

पण हाच काळा कातळ ओला झाला की शेवाळानं साबणासारखा होतो. शिवाय नदीच्या वरच्या अंगाला इसापूरचं धरण आहे. आपल्या डोक्यावर निरभ्र आभाळ असलं, तरी वर पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं की इथं पाणी चढतं. मघाशी कोरडा असलेला दगड बघता बघता चारी बाजूंनी वेढला जातो. त्यामुळे फोटोसाठी नदीच्या पात्रात उतरायचं नाही म्हणजे नाही. हे आई-बाबांनाही सांगा. पुष्कळदा उतरण्याची हौस मोठ्यांनाच असते!

पांढरं सोनं

यवतमाळला येऊन कापसाचं शेत पाहिलं नाही, तर काय पाहिलं? दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटतात आणि सगळं शिवार पांढरं होतं. पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात सीतादही करतात. पूजा करून दही-भाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग वेचणीला सुरुवात होते. एखादं बोंड हातात घेऊन पाहा. कापूस मऊ, पण त्याची टोकं किती टोचरी! दिवसभर वेचणाऱ्या बायांच्या बोटांना विचारा.

शेतात पाय ठेवण्याआधी मात्र मालकाला विचारा. परवानगी हवीच, पण आणखीही एक कारण आहे. कापसावर कीडनाशकं फवारतात. २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातल्या अनेक शेतकऱ्यांना आणि मजुरांना जीव गमवावा लागला. आपल्या अंगातल्या सदऱ्याच्या धाग्यामागे एवढं काही असतं. "फवारणी कधी झाली?" हे विचारल्याशिवाय शेतात शिरू नका. बांधावर पडलेल्या रिकाम्या बाटल्या-डब्यांना हात लावू नका. शेतातलं काही परस्पर तोडून तोंडात टाकू नका.

नवरात्रातली गर्दी

यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला आसपासच्या गावांतून माणसं लोटतात. भव्य देवी, रोषणाई, देखावे, जत्रेसारखी खाऊची दुकानं. या दिवसांत गेलात तर घरातून निघतानाच ठरवा, की चुकामूक झाली तर कुठं भेटायचं. जागा अशी हवी जी लांबून दिसते, एखादं मोठं देऊळ किंवा पोलिस चौकी. लहान भावंडाच्या खिशात आई-बाबांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हरवलात तर इकडं-तिकडं पळू नका. आहात तिथंच थांबा. मग पोलिसांना, मंडपातल्या स्वयंसेवकांना किंवा मुलं सोबत असलेल्या एखाद्या मावशींना सांगा.

पाठ करून ठेवा

कोणत्याही संकटात ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. मुलांच्या मदतीसाठी १०९८. हे तीन नंबर पाठ असले की निम्मी भीती जाते.

तर अशी ही यवतमाळची सहल. ऊन कधी टाळायचं, तर्री किती घ्यायची, कोणत्या कातळावर पाय ठेवायचा नाही, हे इथल्या लोकांना कुठल्याही पाटीवर लिहावं लागत नाही. त्यांना ते ठाऊकच असतं. आपल्याला नसतं, म्हणून विचारायचं. विचारणाऱ्याला लोक जपतात, आणि बोलता बोलता गावही दाखवतात. परत आल्यावर वर्गात कुणी म्हणालं, "यवतमाळला काय आहे?", तर त्याला बसवून घ्या आणि शकुंतलेपासून सुरुवात करा. आणि हो, सांबार म्हणजे काय ते त्याला आधी ओळखायला सांगा!